बर्फानें धरलेली जमीन आणि तिची धूप

जमिनीची धूप हा शब्द उच्चारला कीं आपल्याकडील शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें वळिवाचा पाऊस, गढूळ लोंढा, फुटलेली ताल आणि शेताच्या उताराकडील कोपऱ्यांत पडलेली घळ हीं उभीं राहतात. पावसाचा थेंब मातीचा कण सुटा करतो, वाहतें पाणी तो उचलून नेतें, आणि बांध घालून आपण त्या पाण्याचा वेग मोडतों, इतकें ज्ञान आतां गांवोगांवीं झालेलें आहे. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असे विस्तीर्ण प्रदेश आहेत कीं, जेथें कित्येक ठिकाणीं पाऊस आपल्या माणदेशाहूनही कमी पडतो, जमीन बहुतेक सपाट असते, आणि तरीही शेतें खचतात, कुरणांत खड्डे पडतात, नदीचे व समुद्राचे कांठ दरसाल मागें सरतात. तेथें मातीस धरून ठेवणारा मुख्य पदार्थ चिकणमाती नव्हे, चुना नव्हे, कीं कुजलेला पालापाचोळाही नव्हे. तो पदार्थ बर्फ होय. हा बर्फ वितळूं लागला म्हणजे मातीच्या घडणीचें काय होतें आणि धूप कशी सुरू होते, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

ज्या जमिनीचें उष्णमान लागोपाठ निदान दोन वर्षें शून्य अंश सेंटिग्रेडच्या वर जात नाहीं, तिला शास्त्रज्ञ ‘पर्माफ्रॉस्ट’ म्हणतात. हा शब्द सीमन मुल्लर या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञानें १९४३ सालीं रूढ केला. आम्ही तिला येथें चिरगोठित जमीन म्हणूं. सैबेरिया, अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग आणि तिबेटचें पठार हे तिचे मुख्य प्रदेश असून, उत्तर गोलार्धांतील भूमीचा सुमारें पांचवा हिस्सा अशा प्रदेशांत मोडतो. अशा जमिनीचा अगदीं वरचा थर मात्र उन्हाळ्यांत वितळतो व हिंवाळ्यांत पुन्हां गोठतो. हा थर कोठें हातभर, तर कोठें पुरुषभर जाड असतो. झाडांचीं मुळें, गवत, नांगराचें तास, सारें कांहीं या एवढ्याशा थरांत चालतें. त्याखालीं जें आहे तें दगडासारखें कठीण आणि पाण्यास अभेद्य असतें.

तें किती खोल जातें याची कल्पना प्रथम एका विहिरीनें आली. सैबेरियांत लीना नदीच्या कांठीं याकुत्स्क नांवाचें शहर आहे. तेथें रशियन-अमेरिकन कंपनीच्या नोकरींत शेर्गिन नांवाचा एक व्यापारी होता. पाण्याच्या सोयीसाठीं त्यानें १८२८ च्या सुमारास विहीर खणावयास घेतली. कित्येक फूट खणलें तरी माती गोठलेलीच. आपल्याकडे विहिरीस कातळ लागला म्हणजे मालक दोनचार सुरुंग उडवून पाहतो आणि मग नशिबास दोष देऊन काम थांबवितो; शेर्गिननें मात्र नऊ वर्षें काम चालविलें. १८३७ सालीं विहीर ११६.४ मीटर, म्हणजे सुमारें ३८२ फूट खोल गेली, तरी पाणी नाहीं आणि गोठलेल्या थराचा तळही नाहीं. पुढें मिडेन्डॉर्फ या शास्त्रज्ञानें त्याच विहिरींत निरनिराळ्या खोलीवर उष्णमापक यंत्रें ठेवून मोजणी केली, आणि चिरगोठित जमिनीचा पद्धतशीर अभ्यास तेथून सुरू झाला. विहीर म्हणून ती फुकट गेली. परंतु इतकी उपयोगी पडलेली दुसरी कोरडी विहीर आमच्या ऐकिवांत नाहीं. त्याच प्रांतांत कांहीं ठिकाणीं गोठण सुमारें १५०० मीटर खोल असल्याचें आतां ठाऊक झालें आहे.

या जमिनींत बर्फ कोणकोणत्या रूपानें असतो तें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण पुढील सारें प्रकरण त्यावर अवलंबून आहे. वाळूची किंवा गोट्यांची जमीन गोठली तर पाणी कणांमधील पोकळींत जागच्या जागीं गोठतें, आणि ती वितळली तरी फारसा बिघाड होत नाहीं. गाळवट जमीन, म्हणजे जिचे कण पिठासारखे बारीक असतात ती, याहून निराळी वागते. थंडी वरून खालीं उतरूं लागली म्हणजे समईची वात तेल ओढते त्याप्रमाणें गोठणारा थर खालचें पाणी आपल्याकडे ओढतो आणि तेथें निव्वळ बर्फाचे पापुद्रे जमतात. पापुद्रा कधीं केसाएवढा, कधीं बोटाएवढा, तर कधीं त्याहूनही पुष्कळ जाड असतो. पाणी गोठतांना आकारानें शेंकडा ९ वाढतें हें खरें. परंतु जमीन जी वर उचलली जाते ती मुख्यत्वें या ओढून आणलेल्या पाण्यामुळें. दोन पापुद्र्यांमधील मातीचें पाणी शोषलें गेल्यामुळें ती दाबली जाऊन घट्ट होते. म्हणजे ही जमीन आडवी कापून पाहिली असतां मातीची एक वडी, बर्फाचा एक पापुद्रा, पुन्हां मातीची वडी, अशी तिची रचना दिसते.

याच उचलण्यामुळें तेथें रोवलेले खांब दरसाल थोडेथोडे वर येतात व शेवटीं उपटून पडतात. आम्ही महसुली दप्तरांत लेखणी घासली असल्यामुळें हें वाचून आमच्या मनांत प्रथम हद्दीच्या दगडांचाच विचार आला. ज्या मुलखांत जमीन आपण होऊन निशाणी बाहेर टाकते, तेथील मोजणीदारांची आम्हांस कींव वाटते.

बर्फाचें दुसरें रूप याहून मोठें व अधिक घातुक आहे. आपल्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत भेगा पडतात आणि त्या एकमेकींस मिळून जमिनीवर फरसबंदीसारखी आकृति उमटते, हें सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. तशाच भेगा उत्तरेकडील गोठलेल्या जमिनीस कडक हिंवाळ्यांत पडतात. फरक इतकाच कीं, आपल्या भेगा माती वाळून आक्रसल्यामुळें पडतात व तिकडील थंडीनें आक्रसल्यामुळें. पहिल्या पावसानें आपल्या भेगा मिटतात. तेथें मात्र वसंतांत वितळलेलें पाणी भेगेंत उतरतें आणि खालच्या थंडीनें तेथेंच गोठतें. दुसऱ्या हिंवाळ्यांत भेग त्याच जागीं पुन्हां फुटते व तींत पुन्हां पाणी भरतें. अशा रीतीनें शेंकडों, हजारों वर्षें एकएक पापुद्रा चढत जाऊन भेगेच्या जागीं बर्फाची पांचर तयार होते; ती वरच्या बाजूस कित्येक फूट रुंद असते व खालीं निमुळती होत जाते. अलास्काच्या किनाऱ्यावर राहून लेफिंगवेल नांवाच्या संशोधकानें या पांचरींची ही उपपत्ति १९१५ सालीं मांडली. वरून पाहतां मात्र शेवाळ, झुडपें किंवा जंगल यांनीं झांकलेली साधी सपाट जमीन दिसते. याकुतियामध्यें जुन्या गाळाच्या ज्या जमिनी आहेत, त्यांत आकारमानानें निम्म्यापासून शेंकडा ९० पर्यंत बर्फच भरलेला आढळतो.

अशी जमीन वितळली तर किती खचेल, याचा हिशेब सोपा आहे. समजा, १० फूट जाडीच्या थरांत मातीच्या पोकळ्यांत मावेल तेवढें पाणी वगळून उरलेला जादा बर्फ निम्मा आहे. तो वितळून पाणी निघून गेलें तर ५ फूट माती शिल्लक राहील आणि जमीन ५ फूट खालीं बसेल. परंतु बर्फ सर्वत्र सारखा नसतो. पांचर जेथें आहे तेथें जमीन अधिक बसते आणि पांचरींच्या मधला मातीचा भाग उंच राहतो. म्हणून सपाट शेताचें कांहीं वर्षांत उंचवट्यांचें व खळग्यांचें रान होतें.

हा प्रकार शेतकऱ्यांस सर्वांत स्पष्ट दिसला तो अलास्कांतील फेअरबँक्सच्या आसपास. तेथें सोन्याच्या शोधामुळें विसाव्या शतकाच्या आरंभीं वस्ती झाली, वस्तीमागून शेती आली, आणि १९०६ सालीं सरकारी प्रयोगक्षेत्रही निघालें. शेतकऱ्यांनीं जें सर्व देशांत करतात तेंच केलें. झाडें तोडलीं, बुंधे उपटले, शेवाळाचा जाड थर काढून टाकला आणि खालची काळसर गाळाची जमीन नांगरली. पहिलीं कांहीं वर्षें पीक बरें आलें. पुढें शेतांत उंचवटे दिसूं लागले; कांहीं ठिकाणीं एकाएकीं खड्डे पडले. अमेरिकेच्या मृद्संधारण खात्यांतील रॉकी यांनीं १९४२ सालीं हा धुपेचा एक नवाच प्रकार म्हणून वर्णिला. नंतर भूगर्भशास्त्रज्ञ पेवे यांनीं १९५४ सालीं त्या शेतांचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत १० ते ५० फूट व्यासाचे आणि १ ते ८ फूट उंचीचे उंचवटे नमूद आहेत. कांहीं खड्डे तर २० फुटांपर्यंत खोल होते. अशा शेतांत औत फिरविणें कठीण, कापणीचें यंत्र तर अशक्यच. धान्याचीं शेतें गवतास सोडावीं लागलीं आणि कांहीं अजिबात टाकून द्यावीं लागलीं.

यांत शेतकऱ्याचा अपराध काय झाला? पाऊस पडून माती वाहिली असती तर उतारावर आडवी नांगरट केली नाहीं, असें म्हणतां आलें असतें. येथें तर त्यानें जमिनीवरचें पांघरूण काढलें एवढेंच. परंतु तें पांघरूण म्हणजेच तिचें रक्षण होतें. वाळलेलें शेवाळ हें हवा धरून ठेवणारें असल्यामुळें उन्हाळ्याची ऊब खालीं जाऊं देत नाहीं. हिंवाळ्याच्या तोंडीं तेंच शेवाळ ओलें होऊन गोठतें आणि मग थंडीस आंत जाण्यास वाट देतें. वर झाडांची सावली असते. हें सारें गेलें आणि नांगरलेली काळी माती उन्हास उघडी पडली कीं उन्हाळ्यांत वितळणारा थर वर्षावर्षानें खोल होत जातो. एकदां तो पांचरींच्या डोक्यापर्यंत पोंचला कीं पुढचें काम मनुष्याच्या हातीं राहत नाहीं.

आतां वितळलेल्या मातीची घडण कशी होते तें पाहूं. पापुद्र्यांचा बर्फ वितळला म्हणजे मातीच्या वड्या पाण्यांत सुट्या पडतात. खालचा थर गोठलेला व अभेद्य असल्यामुळें पाण्यास खालीं वाट नसते. पाणी मुरत नाहीं, निघत नाहीं, आणि वरच्या मातीचा भार त्या पाण्यावर पडतो. अशा स्थितींत कणांचा एकमेकांशीं असलेला आधार सुटून गाळवट माती अक्षरशः राबडीसारखी होते व अगदीं थोड्या उतारावरही सरकूं लागते. जेथें पाणी निघून जाण्यास वाट मिळते तेथें माती बसते, घट्ट होते आणि तिच्यांतील हवेच्या पोकळ्या कमी होतात. म्हणजे एकाच शेतांत उंचवट्यावर माती कोरडी व खळग्यांत चिखल, अशी स्थिति होते. पेरणीस वाफसा दोहोंकडे एके वेळीं कधींच येत नाहीं.

आणखी एक गोष्ट आमच्या कोरडवाहू शेतकऱ्यांस विशेष कळेल. याकुत्स्क येथें वर्षाचा पाऊस व बर्फ मिळून सुमारें २४० मिलिमीटर, म्हणजे साडेनऊ इंचांच्या आसपास पडतो. इतक्या पाण्यावर आपल्याकडे बाभूळही नीट वाढणार नाहीं. तेथें मात्र सूचिपर्णी वृक्षांचीं अफाट अरण्यें उभीं आहेत. कारण गोठलेला थर पडलेलें पाणी खालीं जाऊं देत नाहीं व तें मुळांपाशींच राहतें. म्हणून तो थर फार खोल गेला तर कोठें पाणी तुंबून झाडें कुजतात आणि कोठें ओल हातची निसटून जमीन कोरडी पडते. शिवाय तेथें पावसापेक्षां बाष्पीभवन अधिक असल्यामुळें वितळलेल्या पाण्याबरोबर सुटलेले क्षार खोलगट जागीं पृष्ठभागावर सांचतात. आपल्याकडे कालव्याखालीं चोपण झालेल्या जमिनी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस याहून अधिक सांगावयास नको.

तथापि वितळणें हें सर्वकाळ व सर्वथा वाईटच, असेंही म्हणतां येत नाहीं. मध्य याकुतियांत अरण्याच्या मधोमध बशीसारखे खोलगट गवताळ भाग आहेत. त्यांस तेथील लोक ‘अलास’ म्हणतात. हजारों वर्षांपूर्वीं पांचरीं वितळून जमीन खचली, तेथें तळीं झालीं, तळीं आटत जाऊन भोंवतीं उत्तम गवत वाढलें. याकूत लोकांचीं गुरें आणि घोडे याच गवतावर पोसले गेले व त्यांचीं खेडीं याच अलासांभोंवतीं वसलीं. परंतु अलास तयार होण्यास जो काळ लागतो त्यांत मनुष्याच्या अनेक पिढ्या सरतात. विसाव्या शतकांत सामुदायिक शेतीसाठीं तेथें अरण्यें तोडून जीं शेतें काढलीं, त्यांतील पुष्कळ आतां चुरापचा वगैरे भागांत उंचवट्यांनीं भरून गेलीं आहेत. अशा रानास ते लोक ‘बिल्लार’ म्हणतात. एका शेतकऱ्याच्या हयातींत त्यास दिसतो तो बिल्लार. अलास त्याच्या पणतवंडांच्याही वांट्यास येईल कीं नाहीं, हें सांगवत नाहीं.

जमीन खचली एवढ्यावर हें थांबत नाहीं. येथून खरी धूप सुरू होते. पाण्याचा ओघळ साध्या मातीवरून गेला तर तो केवळ आपल्या वेगानें माती कापतो. गोठलेल्या जमिनीवरून गेलेलें पाणी वेगाबरोबर ऊबही नेतें. तें कापतें आणि वितळवितेंही. पांचरींच्या रांगा म्हणजे त्यास आयतेच पाट. टुंड्रांतील ओल्या जमिनीवरून जड वाहन एकदां गेलें तरी शेवाळ दबून चाकोरीखालचा बर्फ वितळूं लागतो, आणि कित्येक ठिकाणीं त्या चाकोरीची पुढें घळ झालेली आहे.

याचें सर्वांत मोठें उदाहरण उत्तर याकुतियांत वेर्खोयान्स्कच्या मुलखांत बातागाय येथें आहे. तेथें १९६० नंतरच्या दशकांत डोंगरउतारावरील जंगल तुटलें आणि जमीन उघडी पडली. पाणी वाहूं लागलें व साधी घळ पडली. घळीचा वरचा कांठ उभा तुटून बर्फ उघडा पडला. तो उन्हानें वितळून ढांसळला, चिखल वाहून गेला आणि मागचा नवा बर्फ उघडा पडला. हें चक्र एकदां सुरू झालें तें आजतागायत थांबलेलें नाहीं. आज त्या खड्ड्याची रुंदी जवळजवळ एक किलोमीटर असून त्याच्या माथ्याकडील उभा कडा ५० मीटरांहून उंच आहे. दरसाल सुमारें दहा लाख घनमीटर जमीन, बर्फ व माती मिळून, त्यांतून नाहींशी होते, असें २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणीवरून दिसतें. तळाकडे उघडी पडलेली गोठलेली माती सुमारें साडेसहा लाख वर्षांपूर्वींची आहे. म्हणजे मध्यंतरींच्या उष्ण काळांतही जी वितळली नाहीं, ती एका जंगलतोडीनें उघडी पडली.

नद्यांचे व समुद्राचे कांठ अशाच रीतीनें जातात. पाणी कांठाच्या पायथ्याशीं बर्फ वितळवून पोकळी करतें आणि वरचा भाग पांचरीच्या रेषेवर तुटून अखंड कोसळतो. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर ड्र्यू पॉइंट येथें २००७ ते २०१६ या काळांत किनारा दरसाल सरासरी १७ मीटर मागें गेला. पश्चिम अलास्कांतील न्यूटॉक या खेड्याखालची जमीन खचत होती व शेजारची निंगलिक नदी कांठ खात खात घरांपाशीं आली. अखेर गांवकऱ्यांनीं मेर्टारविक येथें नवी वसाहत केली व २०१९ सालीं पहिलीं कुटुंबें तेथें राहावयास गेलीं. आपल्याकडे धरणाखालीं गांव उठतें तेव्हां निदान धरण तरी उभें राहतें.

येथपर्यंत मनुष्यानें पांघरूण काढल्यामुळें होणारें वितळणें सांगितलें. परंतु आतां पांघरूण न काढतांही जमीन वितळूं लागली आहे. १९७९ सालापासून उत्तर ध्रुवाकडील हवा सगळ्या पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानें तापली आहे. जगांतील चिरगोठित जमिनींत ठिकठिकाणीं भोकें पाडून जें मोजमाप होतें, त्यावरून २००७ ते २०१६ या दहा वर्षांत त्या जमिनीचें उष्णमान सरासरी ०.२९ अंशांनीं वाढलें असें आढळलें. आंकडा लहान दिसतो. परंतु जी जमीन शून्याच्या खालीं अर्ध्या अंशावर उभी आहे, तिला तेवढें अंतर फार नाहीं. शिवाय या मातींत युगानुयुगें न कुजलेलें सेंद्रिय द्रव्य गोठून राहिलें आहे. त्यांतील कर्ब सुमारें १५०० अब्ज टन, म्हणजे सध्यां हवेंत असलेल्या कर्बाच्या जवळजवळ दुप्पट भरतो. थंडी होती म्हणून त्या द्रव्यास सूक्ष्म जंतु लागले नाहींत. वितळल्यावर कोरड्या जागीं तें कुजून कर्बवायु सुटतो, पाण्याखालीं कुजून मिथेन सुटतो, आणि दोन्ही वायु हवा आणखी तापवितात.

आपल्या देशांतही लडाख व हिमालयाचे अत्युच्च भाग येथें चिरगोठित जमीन आहे. सिक्कीममध्यें साउथ ल्होनाक सरोवराच्या बाजूचा सुमारें १४७ लाख घनमीटर गोठलेला दगडमातीचा ढीग २०२३ सालच्या ऑक्टोबरच्या ३ तारखेच्या रात्रीं सरोवरांत कोसळला. त्याच्या लाटेनें बांध फुटून सुमारें ५ कोटी घनमीटर पाणी तीस्ता नदींत उतरलें, चुंगथांग येथील धरण वाहून गेलें आणि ५० हून अधिक माणसें मेलीं. खालीं उतरतांना त्या लोंढ्यानें खोऱ्यांतील जी माती व दगड खरवडून नेले, ते सरोवरांतून आलेल्या पाण्याच्या पांचपट भरले. हिमालयांत उतार असल्यामुळें सैबेरियांत जें काम वर्षानुवर्षें चालतें तें येथें एका रात्रींत होतें.

उपायांचा विचार करूं जातां आमच्या वाचकांस एक विचित्र गोष्ट आढळेल. आपल्या कोरडवाहू शेतींत बांध घालून पाणी अडवावें हा पहिला नियम; सोलापुराकडील प्रयोगांनीं तो सिद्ध केला व १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानें बांधबंदिस्तीस सरकारी हात मिळाला. चिरगोठित जमिनींत हाच उपाय अपाय ठरतो. सांचलेलें पाणी दिवसभर ऊन पितें व ती ऊब तळाशीं पोंचवितें, म्हणून उथळ तळें म्हणजे जमिनीच्या उरावर ठेवलेली शेगडीच. तेथें पाणी सांचूं न देतां, पण ओघळही न पाडतां, पसरून काढून द्यावें लागतें. तसेंच बर्फाचें. हिंवाळ्यांत पडलेला भुसभुशीत बर्फ हा गोधडीसारखा असून जमिनींतील ऊब बाहेर जाऊं देत नाहीं; म्हणून तो झाडून काढला किंवा तुडवून दाबला म्हणजे थंडी आंत शिरते. झिमोव्ह या रशियन शास्त्रज्ञानें चेर्स्कीजवळ १९९६ सालापासून घोडे व इतर जनावरें सोडून हाच प्रयोग चालविला आहे. प्रयोग मनोरंजक आहे व गुरें पाळणाऱ्यास तो आवडेलच. परंतु सैबेरियाचा बर्फ तुडविण्यास लागणारीं जनावरें कोठून आणावीं, हा प्रश्न आमच्या कारकुनी डोक्यांतून जात नाहीं. चिनी सरकारनें २००६ सालीं सुरू झालेल्या तिबेटच्या रेल्वेखालीं मोठ्या खडीचे भराव घालून थंड हवा खेळती ठेवण्याची युक्ति केली आहे. ती रस्त्यास परवडते, शेतास परवडणारी नाहीं.

याकुतियाच्या प्रांतिक विधिमंडळानें २०१८ सालीं चिरगोठित जमिनीच्या रक्षणासाठीं स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे शेतांतील नापीक तुकडा पोटखराब म्हणून आकारणींतून वगळतात. परंतु जमीन खराब होऊं नये म्हणून ती गोठलेली ठेवणें हें सरकारचें काम आहे, असें मानणारा हा कायदा वाचून आम्हांस नवल वाटलें. अंमलबजावणी मोजणीवर अवलंबून राहणार, आणि मोजणी करणारीं माणसें थोडीं.

शेतकऱ्यापुरता सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे शेत काढण्यापूर्वीं जागा पारखणें. नदीकांठची वाळूची किंवा गोट्यांची जमीन सहसा खचत नाहीं. उताराच्या पायथ्याची खोल गाळवट जमीन, विशेषतः जिच्यावर जाड शेवाळ व खुरटीं झाडें आहेत, ती दिसण्यास सुपीक असली तरी सोडून द्यावी. पारख करण्यास लांब लोखंडी शीग पुरते. ती दाबीत न्यावी आणि जेथें एकदम अडेल तेथें गोठलेला थर आला असें समजावें. अर्थात् शीग खडा लागूनही अडते, म्हणून एकाच ठिकाणीं न थांबतां चारपांच हातांवर पुन्हां पुन्हां खुपसून पाहावें. आणि हें काम उन्हाळा संपतांना, म्हणजे सप्टेंबर महिन्यांत करावें, कारण वर्षांतील सर्वांत खोल वितळलेली पातळी तेव्हांच हातास लागते.